खडूच्या आतलं घर

९ जानेवारी

यांची कंबर पुन्हा धरली. कोणाचं तरी कपाट जिन्यावरून उतरवताना. दोघांनी धरून घरी आणून टाकलं. जसं काही हेच कपाट! जन्मभर दुसऱ्यांची घरं उचलून ट्रकात भरली, दुसरीकडे नेऊन मांडली, आता स्वतःला उचलायला दोन माणसं लागतात.

मालकाचा फोन आला. "काका, उन्हाळ्यापर्यंत बघू. मग तुम्ही आराम करा." आराम करा म्हणजे घरी बसा, एवढं मला कळतं.

हे म्हणाले, "बघू."

यांचा जन्म बघू-बघूत गेला.

११ जानेवारी

मी लिहिते कशाला? बोललं की भांडण होतं. लिहिलं की होत नाही. चौथीपर्यंत शाळा, अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं. पण वाचणार कोण? वन्संना जवळचं दिसत नाही आणि यांना वाचायचा कंटाळा.

२० जानेवारी

घरमालकीण येऊन गेली. भाडं वाढणार. वर म्हणते, "तुम्ही जुनी माणसं म्हणून इतके दिवस थांबले हो." थांबली म्हणून पाया पडू का तिच्या?

आणि आमच्या धुलाईत नवीन यंत्र येतंय. दवाखान्याच्या चादरी धुतं, वाळवतं, इस्त्री करतं, घड्याही स्वतःच घालतं. मग मी काय घालायचं? साहेब सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "कोणीही जाणार नाही." साहेब असं म्हणाले की समजावं, पहिली आपणच.

दुष्काळात तेरावा महिना. आम्हाला मूलबाळ नाही. म्हातारपणी 'आई, पाणी' म्हणणारं कोणी नाही. घरात माणसं तीन: हे, मी आणि यांची थोरली बहीण. सगळे उताराला लागलेले. आत्ताच हातपाय हलवले पाहिजेत. हलताहेत तोवर.

२ फेब्रुवारी

हे कुठल्याशा डॉक्टरचं सामान टाकायला डोंगरावरच्या गावाला जाऊन आले. कंबरेला पट्टा बांधून! जेवताना म्हणाले, "तिथली दगडाची खाण बंद पडलीये. अर्धं गाव रिकामं. खोल्यांना कुत्रं विचारत नाही. भाडं नावापुरतं."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय?"

"मग आपण जायचं."

यांचा घास हातातच राहिला. वन्सं खाटेवरून म्हणाल्या, "डोंगरावर? तिथे काय दगड खाणार आहात?"

म्हटलं, "इथे काय खाणार आहोत ते सांगा आधी."

कोणी काही सांगितलं नाही. म्हणजे ठरलं.

१५ फेब्रुवारी

हे पुन्हा एका फेरीत तिकडे गेले आणि घर बघून आले. मला सुट्टी मिळाली नाही. खाणीची जुनी कचेरी आहे म्हणे, दोन खोल्या, पुढे ओटा. मी म्हटलं, "हवा? उजेड? पाणी?" हे म्हणाले, "मोजून आणलंय सगळं." हवा कशी मोजली कोण जाणे!

१६ फेब्रुवारी

आज गंमत झाली. यांच्या धंद्यात एक रीत आहे. सामान फार आणि ट्रक लहान असला की आदल्या दिवशी जमिनीवर खडूने ट्रकाच्या हौद्याएवढी चौकट आखायची. सामान त्यात रचून बघायचं. चौकटीत मावलं तर ट्रकात मावणार. नाही मावलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, हे इथेच सोडा.

तर हे गुडघ्यावर बसले आणि आमच्या घरात नवं घर आखलं. दोन्ही खोल्या, दारं, खिडकी, सगळं. उभे राहिले, खडू कानावर ठेवला आणि म्हणाले, "हे बघ तुझं नवं घर. रेघेबाहेरचं सगळं सोडायचं."

बाप रे! केवढंसं!

पण मला एकदम सुचलं. म्हटलं, "मग आजपासूनच आत राहू या. सवय होईल. तिथे जाऊन रडण्यापेक्षा इथे रडून घेऊ."

हे हसले. कंबर धरल्यापासून पहिल्यांदा.

२५ फेब्रुवारी

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आम्ही रेघ पाहून पसरतो. मोठं कपाट गेलं. जेवायचं टेबल गेलं. पंखा असून लावत नाही. तिथे गारवा आहे म्हणून! चहात साखर अर्धी. हे म्हणाले, "साखर तर तिथेही मिळते." म्हटलं, "मिळते, पण उद्या घेता येईल का ते बघायचंय."

शेजारीण आली ती रेघेबाहेर उभी राहिली. "आत येऊ का हो?" म्हणाली. एवढी वर्षं न विचारता पातेल्यात डोकावायची! खडूने शिस्त लावली मेलीला.

४ मार्च

खरं सांगू? बरं वाटतंय. कमी झालं की पुसायलाही कमी. इतकी वर्षं कोणासाठी कपाटं पुसत होते?

९ मार्च

अडलं ते वन्संच्या खाटेवर.

ती खाट दवाखान्याच्या भंगारातून मीच आणलेली. लोखंडी, जाड, अख्खी जोडलेली. कापल्याशिवाय सुटायची नाही. वन्संचे गुडघे गेलेत, जमिनीवर बसल्या की उठवायला लागतं. म्हणून त्यांना खाट. आम्ही दोघं खाली. हे भिंतीकडे, मी चुलीकडे. लग्न झाल्यापासून माझ्या उशाला पातेली.

हे आणि यांचा ट्रकवाला जोडीदार, सगळे त्याला लंबू म्हणतात, दोघांनी खाट आडवी लावून बघितली, उभी लावून बघितली. आडवी लावली तर दार उघडत नाही. उभी लावली तर दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. शेवटी तिरकी ठेवली. वन्सं आडव्या झाल्या की डोकं नव्या घरात, पाय जुन्या घरात!

वन्सं म्हणाल्या, "अरे ठोंब्या, माझे पाय काय इथेच ठेवून जाणार आहेस?"

लंबू एवढा हसला. हे नाही हसले. खडू घेऊन पुन्हा मोजायला बसले. मोजून रेघ लांबते का?

१२ मार्च

हे खाटेकडे बघतात, मग रेघेकडे, मग छताकडे.

यांचे आईवडील गेले तेव्हा वन्सं सतरा-अठराच्या. बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरून दोघा भावांना वाढवलं. लग्न केलं नाही. हे सगळं मला रोज ऐकवलं जातं. भाजीत मीठ जास्त झालं तरी ऐकवलं जातं. "मी बिस्किटं भरून भाऊ वाढवले, तुला मीठ मोजता येत नाही?" मिठाचा आणि बिस्किटांचा काय संबंध?

पण त्यांना सोडा असं मी म्हटलेलं नाही. इथे लिहून ठेवते. नाही म्हटलेलं.

१३ मार्च

वन्संनीच तोंड उघडलं. सकाळी चहा घेताना. "मी धाकट्याकडे जाते. त्याचं घर मोठं. तिथे खाट मावते."

हे म्हणाले, "ताई..."

"ताई-बाई काही नको. डोंगरावर माझे गुडघे चढणार आहेत का? ठरलं."

हे बाहेर जाऊन उभे राहिले. मी चहाची भांडी घासली. घासता घासता गाणं म्हणत होते ते नंतर लक्षात आलं. म्हणत होते खरं. उगाच खोटं कशाला लिहू! वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात मी आणि माझा नवरा. सुटले असं वाटलं.

१० एप्रिल

धुलाईतला शेवटचा दिवस. काढायच्या आधीच मी राजीनामा दिला. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. "अहो बाई, थोडं थांबला असता तर..." म्हटलं, "साहेब, यंत्राला शिकवा. माझ्यासारखी घडी घालतं का बघा." बायकांनी नवी चादर दिली. दवाखान्याचा शिक्का नसलेली! आयुष्यातली पहिली.

३ मे

आज खाट आणि वन्सं धाकट्या दिरांकडे गेल्या. लंबूचा ट्रक. हे खाटेचा पुढचा पाय धरायला गेले. लंबू ओरडला, "काका, कंबर!" ऐकलं नाही. खाट स्वतः चढवली. वन्सं ड्रायव्हरशेजारी बसल्या, पिशवी मांडीवर. मला म्हणाल्या, "मीठ मोजून घाल."

म्हटलं, "घालीन."

ट्रक गेला. खाट होती तिथे फरशीवर चार गंजाचे डाग. पुसले. गेले नाहीत.

६ मे

आलो! डोंगर, वारा, आणि गप्प. इतकं गप्प की माझाच आवाज मला मोठा वाटला. हे म्हणाले, "मोठा आहेच."

दुकानातल्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी उधार देऊ का विचारलं. नको म्हटलं. भाडं ऐकून अजून खरं वाटत नाही. दोन्ही खोल्यांत सगळं जिथल्या तिथे बसलं. खडूत सराव केलेला! अंधारातही कशाला ठेच लागली नाही. यांनी घराभोवती फिरून हात झटकले आणि म्हणाले, "नोकरीतली शेवटची फेरी."

आमचं बरं चालणार. मला कळतं. गाठीला आहे त्यात आणि मिळेल तेवढ्यात भागेल. भीती कुठे ठेवली होती ते आठवत नाही इतकं हलकं वाटतंय.

९ मे

मागच्या भिंतीला एक अरुंद दार आहे. कडी लावलेलं. मला वाटलं भिंतीतलं कपाट. आज उघडलं.

आत खोली!

चांगली खोली. खिडकीही आहे. लहान, गजांची, खाली लाकडी फळी. पूर्वी खाणीच्या लोकांचा पगार तिथून वाटायचे म्हणे. दार मुद्दाम अरुंद ठेवलेलं, एका वेळी एकच माणूस शिरावं म्हणून. पैसे असायचे ना आत.

मी तिथूनच हाक मारली. "अहो! ही काय आहे?"

हे आले. म्हणाले, "ती होय? ती खोली नव्हे."

"खोली नव्हे? मग मी उभी कशात आहे?"

"अगं, दार बघ. खाट शिरत नाही त्यातून. मी मापं घेतली होती. ज्या खोलीत सामान शिरत नाही ती आम्ही धरत नाही. गिऱ्हाइकालाही सांगतो, ही सोडून द्या."

मी म्हटलं, "अहो, खाट शिरत नाही. वन्सं शिरतात ना?"

हे बघतच राहिले. दाराकडे, माझ्याकडे, पुन्हा दाराकडे. मग दारात खाली बसले. तीस वर्षं सामान उचलून माणूस असा होतो. खाट मावत नाही म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं, वन्सं मावत नाहीत. मीपण तेच ऐकलं. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून तर पटकन ऐकलं.

१० मे

हे जेवले नाहीत. फक्त म्हणाले, "ताईला मी रेघेबाहेर ठेवलं."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "रडताय काय? सुतार बोलवा."

१२ मे

सुतार आला. गावात उरलेल्या माणसांतला एक. तोंडात खिळे धरून बोलतो. दार रुंद करायला मी सांगितलं. तो म्हणाला, "दगडी भिंत आहे बाई. तोडली तर छप्पर बसेल. खाट आत न्यायची कशाला? लाकूड आत नेऊ, आतच बांधू."

"मग ती बाहेर कशी काढायची?"

"कोणाला काढायचीये बाहेर?"

त्याला चहा करून दिला. साखर अख्खी!

१९ मे

खाट तयार. लाकडी, रुंद, उठताना हाताला धरायला कठडा. ती आता या जन्मी त्या खोलीतून निघायची नाही. नवी चादर घातली. घडी अशी की यंत्राच्या बापाला जमणार नाही. उरलेल्या लाकडात यांना पुढच्या खोलीत एक लांब बाकडंही झालं.

वन्संना आणायला मीच जाणार. यांना पाठवलं तर दारातच रडतील.

आता माझं काय? पुन्हा बिस्किटं, पुन्हा मीठ. असू दे. सुटले म्हणून गाणं म्हटलं होतं ना, ते आता बोचतं. त्यापेक्षा टोमणे बरे.

२२ मे

गेले होते. आले. एकटीच!

दिरांचं घर चकचकीत. वन्सं खाटेवर बसलेल्या, खाटेवर फुलाफुलांची चादर. जाऊबाई गोड बोलतात. "ताई, तुम्ही बसा. ताई, तुम्ही उठू नका. ताई, राहू द्या, मी करते." वन्संनी वाटाणे सोलायला घेतले तर ताटच उचलून नेलं हातातून. छळ म्हणावा तर छळ नाही. वन्संचे हात नुसते मांडीवर. असे हात मी कधी बघितले नव्हते.

मी सरळ सांगितलं. खोली सापडली, खाट बांधली, चला.

वाटलं, आनंदाने उठतील. कसल्या! भडकल्या. "मला काय सामान समजलात? जागा नाही, घेऊन जा. जागा सापडली, घेऊन या! ठोंब्याला सांग, बहीण आहे मी, कपाट नाही."

मीही भडकले. म्हटलं, "वन्सं, तीन गाड्या बदलून आले मी! तुम्हीच म्हणालात ना, धाकट्याकडे जाते?"

"मी म्हटलं! तू एकदा तरी नको म्हणालीस?"

जाऊबाई चहा घेऊन आल्या त्या तशाच मागे फिरल्या.

मी काय बोलणार? उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी ख्याती. आज जीभ उचललीच नाही. शेवटी म्हटलं, "नाही म्हणाले. चुकलं माझं. खाट बांधलेली आहे. बाहेर निघत नाही. तुम्ही ठरवा." आणि निघाले.

बसमध्ये रडले. खिडकीकडे तोंड करून.

२६ मे

हे रोज सकाळी त्या खोलीचं दार उघडतात, संध्याकाळी लावतात. मी म्हटलं, "बटाटे ठेवू का त्यात?" असं बघितलं माझ्याकडे, की बटाटे तोंडातच राहिले.

३१ मे

काही नाही. वारा.

५ जून

दुपारच्या बसने वन्सं आल्या! एकट्या. पिशवी आणि काठी. न कळवता. बसवाल्याने हात धरून उतरवलं, त्यालाच ओरडत होत्या, "सोड रे, मी काय बरणी आहे?"

हे पळाले. पट्टाबिट्टा विसरून. जवळ जाऊन नुसते उभे. वन्सं म्हणाल्या, "रडू नकोस ठोंब्या. तिकडे सगळं गोड आहे रे. भांडायला कोणी नाही, जीव जायची वेळ आली." मग माझ्याकडे बघून, "बोलावणं नव्हतं पाठवलंस तू मला. नवी खाट भरायला बोलावलं होतंस. म्हणून स्वतःहून आले. स्वतःच्या पायांनी. कळलं?"

"कळलं," म्हटलं. "लोखंडी खाट?"

"राहू दे तिकडे. धाकटीला चादर बदलायला काही तरी हवं ना."

भाजी केली. पहिला घास घेतला आणि थांबल्या. मी तयारच होते. म्हणाल्या, "मीठ कमी."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला.

६ जून

वन्संनी खोली बघितली. आत जाऊन कठड्याला धरून बसल्या, उठल्या. खिडकीतून बघितलं. चादरीवरून हात फिरवला. मग बाहेर आल्या आणि पुढच्या खोलीत यांच्या बाकड्यावर पिशवी ठेवली. म्हणाल्या, "मी इथे झोपणार. मला रस्ता दिसायला हवा, येणारं-जाणारं दिसायला हवं. आत कोंडून घ्यायला मी काय रोकड आहे?"

मी म्हटलं, "मग ती खाट? एवढी बांधली ती?"

"ती तू घे."

"मी?"

"बघत आलेय ना मी. आलीस तेव्हापासून चुलीशी झोपतेस. जन्मात तुला दार लावता आलेलं नाही. घे आणि लाव."

७ जून

लावलं. आत बसून लिहिते आहे. बाहेर दोघं भावंडं भांडताहेत, बाकडं कुठे सरकवायचं यावरून. मी काही उठत नाही.